ओठ चुकू नयेत म्हणून

“ताई, माझ्या तोंडाकडं बघा, म्हंजे ओठ चुकणार न्हाईत.” शूटिंग सुरू झालं की आमचे कॅमेरावाले भाई कॅमेऱ्याच्या बाजूनं मान बाहेर काढायचे आणि माझं अख्खं गाणं आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणायचे. मिशाळ बाप्या सासुरवाशिणीचं गाऱ्हाणं सांगतोय हे बघून मला हसू फुटायचं आणि शॉट वाया जायचा.

आमचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील, जत्रेत मोबाइलवर वाजतात ते. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. शूटिंगला ते स्पीकरवर लावतात आणि गाणारीनं फक्त ओठ हलवायचे असतात. भाईंना हे मंजूर नव्हतं. “ओठ काय, कुणीबी हलवतंय. ओळीआधी दम घेतलेला दिसला पाहिजे. म्हणा, जोरात म्हणा.” चाकूरजवळच्या एका शेतात त्यांनी मला भर उन्हात इतकं गायला लावलं की शेजारच्या बाया खुरपी टाकून बांधावर येऊन बसल्या. माझा गळा बसला, मी चिडले. भाईंनी गुटख्याची पुडी तोंडात रिकामी केली. “आता झ्याक आलं,” म्हणाले.

ती पुडी माझ्या डोळ्यांत खुपायची. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. “सोडून राहिलो ना, ताई,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एकदा लातूरच्या निर्मात्यानं माझ्या आवाजावर ओठ हलवायला एक देखणी पोरगी आणली. मी बाजूला झाले. चाळिशी उलटलेलं, कांजिण्यांच्या वणांचं माझं तोंड कोण बघणार? भाईंनी दोन-तीन शॉट घेतले आणि कॅमेरा खाली ठेवला. “शेठ, वरच्या सुराला हिचा गळा हललाच न्हाई. लोकं फसत न्हाईत. ताईंना उभं करा, न्हाईतर दुसरा माणूस बघा.” निर्माता बराच वेळ धुसफुसला, पण त्या दिवसापासून माझ्या गाण्याला माझंच तोंड आहे.

पुढं भाईंचंच तोंड उघडेनासं झालं. आधी भाकरी जाईना, मग चमचाही. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला, जीभ गेली. माहूरच्या देवीच्या गाण्याला मी दुसरा कॅमेरावाला घ्यायला तयार नव्हते, आणि भाई खरंच आले, तोंडाला रुमाल बांधून. स्पीकर सुरू झाला तशी त्यांनी सवयीनं मान बाहेर काढली. रुमालामागं काहीतरी हलत होतं. त्यावरून शब्द काही कळत नव्हते, तरी मी तिकडंच बघत गात राहिले. माझे डोळे भरून आले. लोकांना ती देवीची भक्ती वाटली. व्हिडिओ खूप चालला.

भाई गेले तेव्हा मी नांदेडला त्यांच्या घरी गेले. भाभी मोबाइल घेऊन बसल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं टिपणाऱ्या माणसाचा घरात एक धड फोटो नव्हता. त्या माहूरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होत्या.

“सगळे बघून झाले, ताई. एकातबी दिसून न्हाई राहिले. यात कुठं हायत ते?”

“मी जिकडं बघतेय ना भाभी, तिथं.”

त्यांनी व्हिडिओ थांबवला, मोबाइल तोंडाजवळ नेला आणि दोन बोटांनी माझा डोळा पडदाभर मोठा केला.