दुलईखालची जिंजर बिअर

दीनानाथ पोंक्षे हे कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळातले सगळ्यांत भित्रे गृहस्थ, आणि ही गोष्ट त्यांनी कधी कुणापासून लपवलेली नाही. पाय घसरेल म्हणून नोव्हेंबर लागला की ते कोरड्या फुटपाथवरसुद्धा पावलं मोजून टाकतात. शेजारचं कुत्रं भुंकलं की रस्ता ओलांडतात. गॅस बंद केला का, हे बघायला त्यांनी हायवेवरून गाडी परत फिरवलेली आहे, तीही एकदा नव्हे. आणि हाच माणूस उभा जन्म स्टीलच्या कारखान्यात, वितळलेल्या लोखंडाच्या शेजारी काढून निवृत्त झाला! याचं नवल त्यांच्या पत्नीला, उल्काताईंना, अजून वाटतं. "तिथे सगळेच भीत होते, म्हणून तर जिवंत राहिलो," असं दीनानाथराव म्हणतात. उल्काताई कपाळाला हात लावतात आणि कामाला लागतात.

कॅनडात येण्याआधी दीनानाथराव दोन वर्षं इंग्लंडात, शेफील्डला होते. निघताना आईला शब्द दिला होता: मांस नाही, दारू नाही. त्या काळच्या इंग्लंडात हा शब्द पाळून बाहेर जेवायचं म्हणजे रोजची परीक्षा. चिप्स घ्याव्यात तर त्या बैलाच्या चरबीत तळलेल्या, सूप मागवावं तर त्यात हाडांचं पाणी. कॅफेतली बाई पेन्सिल घेऊन टेबलाशी उभी राहिली की सगळा मेन्यू वरपासून खालपर्यंत वाचून हे ब्रेड-बटर मागायचे. बरोबरचे लोक हसायचे, आणि हे खाली मान घालून खायचे.

त्यांची घरमालकीण, मिसेस हॅगर्टी, हे सगळं बघत होती. एका रविवारी तिने घरी केलेल्या जिंजर बिअरचा ग्लास यांच्यापुढे ठेवला. आलं, साखर, लिंबू आणि बरणीत जपलेलं विरजण, एवढाच मामला. "नावाला भिऊ नकोस, माझी नातवंडं पितात," ती म्हणाली. पहिल्याच घोटाला नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि परक्या देशात पहिल्यांदा काहीतरी निर्धास्तपणे घशाखाली उतरलं. ती कृती ते शिकून आले. बरोबर तिची ताकीदही घेऊन आले. बाटल्या थंडीत ठेवायच्या. उबेत राहिल्या तर आत वायू कोंडतो आणि काच फुटते. तिच्या कोठीची खिडकी अशीच गेली होती.

तेव्हापासून दर संक्रांतीला पोंक्ष्यांकडे तिळगुळाबरोबर जिंजर बिअर असते. बेसमेंटमधल्या कोल्ड रूममध्ये बाटल्या ओळीने उभ्या राहतात आणि दीनानाथराव रोज दारातूनच त्यांच्याकडे संशयाने बघून येतात. गेल्या वर्षी मात्र थंडी जरा जास्तच झाली आणि बाटल्यांना फेस म्हणून आला नाही. "पोंक्षे, सरबत झकास हं!" असं मंडळी म्हणाली. दीनानाथराव हसले, पण मनातून पार खट्टू झाले. ते उल्काताईंनी पाहिलं होतं.

या वर्षी संक्रांतीच्या आदल्या सकाळी दीनानाथराव किचनमध्ये तीळ निवडत बसले होते. इडलीचं पीठ फुगलं का बघते म्हणून उल्काताई खाली गेल्या होत्या. इतक्यात बेसमेंटमधून फाट् असा आवाज आला.

"उल्का!"

त्यांनी जिन्याकडे तोंड करून पुन्हा हाक मारली.

"उल्का, अगं काय झालं?"

खिडकीत, साबणाच्या बशीशेजारी, तिचं कानातलं यंत्र पडलेलं त्यांना दिसलं. घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर डोक्यात जाते म्हणून खाली जाताना ती नेहमी ते काढून ठेवायची. म्हणजे तिला ऐकू आलं नसेल. किंवा ऐकूही येणार नाही अशी ती पडली असेल. दीनानाथरावांची पाचावर धारण बसली. तिळाची थाळी कलंडली, तरी हात सावरायला पुढे होईना.

कठडा धरून ते जिना उतरू लागले.  खाली पोचल्यावर आधी कोल्ड रूमचं दार दिसलं. ते उघडं होतं आणि फळी रिकामी होती.

तेव्हा त्यांना सगळं कळलं. या घरात थंडीच्या दिवसांत जे जे आंबवायचं, ते ते फर्नेसशेजारी दुलईत गुंडाळून ठेवायचं, ही उल्काताईंची पन्नास वर्षांची रीत. दही तिथे लागतं, इडलीचं पीठ तिथे फुगतं. यंदा नवऱ्याची फजिती होऊ नये म्हणून तिने बाटल्याही तिथेच नेल्या होत्या. न सांगता, उबेत, दुलईखाली.

फर्नेसच्या खोलीतून दुसरा आवाज आला. दीनानाथरावांना वाटलं, आपण इथेच बसावं. खरंच वाटलं. मग त्यांनी खुंटीवरचा जाड पार्का कोट ओढला, छातीशी धरला आणि फर्नेस रूमचं दार ढकललं.

उल्काताई जमिनीवर बसून फडक्याने पाणी टिपत होत्या. बाटल्या कलंडल्या असाव्यात, असं त्यांना वाटलं होतं. डाव्या हाताचा तळवा दुलईवर टेकलेला होता. ती दुलई मधोमध ओली होती.

मागून धरलं तर दचकेल आणि बाटल्यांच्या क्रेटवर पडेल, एवढं त्या घाबरलेल्या डोक्याला कसं सुचलं कुणास ठाऊक. ते वळसा घालून तिच्यासमोर आले, बाटल्यांकडे पाठ करून, आणि तिच्या अंगावर पार्का टाकून तिला उठवू लागले.

"अहो, काय करताय! काच आहे तिथे, चपला कुठायत तुमच्या?"

बोलण्यात वेळ घालवणं शक्य नव्हतं. त्यांनी तिला अक्षरशः ओढत बाहेर आणलं आणि दार लोटलं. दोघं दाराला लागूनच्या पायरीवर बसले. यांच्या पायाला काच लागून रक्त येत होतं, ते यांना ठाऊकच नव्हतं.

"वेड लागलंय का?" उल्काताई म्हणाल्या. "केवढे थरथरताय!"

आत तिसरी बाटली फुटली. दीनानाथरावांनी तिचा तळवा उचलून दारावर टेकवला. चौथी फुटली तेव्हा दार हादरलं, आणि उल्काताईंचा चेहरा पांढरा पडला.

"मी तिथेच हात ठेवून बसले होते हो," त्या हळूच म्हणाल्या.

 दीनानाथराव रडत होते. उल्काताईंनी हात दारावरून काढला आणि त्यांच्या हातात दिला. मग आत एकेक बाटली फुटत गेली, तसतसे ते तिचा हात दाबत गेले. ऐकू येत नसलं तरी तिला कळत होतं.

बऱ्याच वेळाने सगळं शांत झालं.

"झालं वाटतं," म्हणत उल्काताई उठू लागल्या. "फडकं आणते, तुमचा पाय—"

दीनानाथरावांनी नकारार्थी मान हलवली आणि हात सोडला नाही. त्यांनी आवाज मोजले होते; अजून एक बाटली राहिली होती.

उल्काताई खाली बसल्या.