चिकूच्या शेडमधली बोट

"मॅडम, आमची बोट कुठे गेली?"

फोन घोलवडच्या चिकू पॅकिंग शेडमधून होता. बोलत होत्या तिथल्या क्लार्क, हर्षलाताई. मला काहीच कळेना.

"ताई, तुमच्याकडे चिकू असतात ना?"

"चिकू आहेत जागेवर. बोट नाही. मघाशी होती."

मी डहाणूत एका सहकारी संघाची कॉम्प्युटर सिस्टीम सांभाळते. चिकूवाले, मच्छीवाले, नर्सरीवाले, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. त्यातल्या एकेका कामाच्या भागाला मॉड्यूल म्हणतात. सगळ्यांना सगळी मॉड्यूल दिसायची. कुणीतरी मच्छीच्या मॉड्यूलमधून चुकून चिकूसाठी बर्फ मागवला, तेव्हा साहेब म्हणाले, "ज्याचं त्याला दाखव, बाकीचं लपव." मला ते पटलं. कामाच्या माणसाने नको त्या बटणांत का चाचपडावं? त्याच संध्याकाळी, हा फोन यायच्या थोडं आधी, घोलवडच्या स्क्रीनवरून मच्छीची सगळी मॉड्यूल मी लपवली. त्यात बोटीचंही होतं. बोट निघाली की त्यात नोंद, किनाऱ्याला लागली की नोंद. वेळ टळली की ओळ लाल होते, घंटा वाजते.

"पण ताई, तुमच्या शेडला बोट कसली?"

"बोट नाही, टेम्पो!"

मी आणखीच गोंधळले.

"तलासरीकडच्या बायका येतात ना निवडायला? टेम्पो त्यांना पाड्यापाड्यावर सोडतो. शेवटची उतरली की मला मिस्ड कॉल देते. मी चिंचणीची आहे. बोट लागल्याशिवाय आमच्या घरात कोणी जेवत नाही. म्हणून टेम्पो बोटीत टाकते."

"मग आज?"

"सुटल्याची नोंद केली आणि ट्रक भरायला गेले. घंटा वाजली नाही, म्हटलं पोचल्या. आता बघते तर बोटच नाही. कॉलही नाही. ड्रायव्हर लागत नाही."

मी मॉड्यूल परत दाखवलं. ओळ लाल होती. साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"त्या बायका ठेकेदाराच्या. आपल्या सिस्टीममध्ये त्यांचं काय काम?"

"चिकू निवडताना आपल्या, घरी पोचताना ठेकेदाराच्या?" माझा आवाज चढला. "बोटीतल्या माणसांसाठी घंटा वाजते, साहेब. टेम्पोतल्या बायकांसाठी का नको?"

ते म्हणाले, "पण टेम्पोला बोट कोण म्हणतं?"

"आधी जीप पाठवा."

जीप गेली. टेम्पो तलासरीच्या अलीकडे उतारावर चरात कलंडला होता. तिथे रेंज नव्हती. एकीचा पाय मुरगळला होता, बाकीच्या ड्रायव्हरला शिव्या घालत होत्या. जीपने सगळ्यांना पोचवलं. मिस्ड कॉल आला. हर्षलाताईंनी 'बोट लागली' अशी नोंद केली.

साहेबांच्या हुकमाने आता 'टेम्पो' नावाचं मॉड्यूल आहे. घंटा ठेकेदाराच्या फोनवरही वाजते; ते मी हट्टाने करून घेतलं. मॉड्यूल कुणासाठी बनवलंय ते मी पाहिलं होतं, ते उघडतं कोण ते पाहिलं नव्हतं. आता काहीही लपवण्याआधी फोन करून विचारते.

बर्फाचं मॉड्यूल मात्र घोलवडला अजून दिसत नाही. त्याबद्दल कोणाचा फोन आलेला नाही.