थापटीचा रेडिओ

आकुर्डीहून सुटणाऱ्या आमच्या रेडिओ कंपनीच्या बसमध्ये एक गृहस्थ रोज खिडकीतून लोकांच्या गच्च्या बघत बसायचे. ते नवी मॉडेलं काढतात, एवढंच मला ठाऊक. नाव विचारायचं राहूनच गेलं. एकदा त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे सेल उन्हात कोण ठेवतं हो?"

"आई. ऐकता ऐकता तिला झोप लागते, रेडिओ चालूच राहतो. मग उतरलेले सेल गच्चीवर पापडांशेजारी वाळत असतात."

महिन्याभराने त्यांनी मला हाताने जुळवलेला एक रेडिओ दिला. थोड्या वेळाने तो आपोआप बंद व्हायचा. आईने लगेच परत पाठवला. "बंद पडतो मेला. थापट्या मारून हात दुखला."

मला वाटलं, हिरमुसतील. ते म्हणाले, "थापटी नेमकी कुठे मारतात?"

"वर, उजवीकडे."

काही दिवसांनी तोच रेडिओ पुन्हा घरी आला. आता बंद पडला की तिथल्या एका थापटीने सुरू व्हायचा. "त्यांची सवय कशाला मोडायची? तिथेच स्विच बसवला," ते म्हणाले.

आई शेजारणीला सांगायची, "बिघडलेलाच आहे गं, पण माझं ऐकतो."

हे मी बसमध्ये सांगितलं, तेव्हा त्यांनी गच्च्यांवरची नजर काढली आणि ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.