भिवाजीभाऊंची पाल

आमच्या डोंगरकडा गावात पाल पाळणारा माणूस एकच झाला, आणि तोही असा, की जन्मभर पाल दिसली की आधी झाडू शोधायचा. भिवाजीभाऊ. केळीचे घड तोडायचे, खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचे, गाडीत रचायचे, यातच त्यांचं आयुष्य गेलं. एकदा अंगावर पाल पडली म्हणून ऐन थंडीत हौदावर जाऊन डोक्यावरून पाणी घेणारा हा माणूस. तोच काचेच्या पेटीपुढे उकिडवा बसून "खा गं माय, खा" म्हणताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. मी त्यांचा शेजारी, किराणा दुकानवाला सोमेश्वरअप्पा. माझं तोंड फटकळ आहे हे गावाला माहीत आहे, त्यामुळे जे बोलायचं ते मी त्यांना तेव्हाच बोललो होतो.

"भाऊ, घरच्या पालीला झाडू आन हिला पाहुणचार?"

"अप्पा, ही पोराची हाय," ते म्हणाले. विषय संपला.

पोरगा म्हणजे स्वप्निल. एकुलता एक, पुण्यात कंपनीत आहे. त्याची आई शकुबाई नांदेडच्या दवाखान्यात होती तेव्हा त्याची नोकरी नवी होती. पोराच्या जिवाला घोर नको म्हणून भाऊ रोज फोनवर सांगत राहिले, "बरी हाय. जेवली." बाई पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हती, आणि हे सांगायचे जेवली. स्वप्निलला खरं कळलं ते आई गेल्यावर. तो आला तो थेट मसणवट्यातच आला. तेराव्यापर्यंत घरात राहिला, पण बापाशी एक शब्द बोलला नाही. त्यानंतर फोनही नाही.

वर्षश्राद्धाला आला तेव्हा हातात ती काचेची पेटी होती. आत चार बोटांएवढी पाल. पिवळी, अंगभर काळे ठिपके, अगदी जास्त पिकलेल्या केळाच्या सालीसारखी. पुण्यातला खोलीमालक ठेवू देईना, म्हणून आणली. दुसरी सोय होईपर्यंत सांभाळा, एवढंच म्हणाला. मग काय खायला घालायचं ते सांगितलं. जिवंत रातकिडे, नाकतोडे. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा मोठा नको. देताना त्यावर डब्यातली पांढरी पूड भुरभुरायची, नाहीतर हाडं मऊ पडतात. पेटीखाली दिवसरात्र बल्बची ऊब. अंग लहान आहे तोवर रोज खाणं, मोठी झाली की दोन दिवसांआड. वर्षभराच्या अबोल्यानंतर पोरगा बापाशी एवढा वेळ बोलला तो पालीबद्दल, पण भाऊंनी ते आशीर्वादासारखं डोक्यावर घेतलं.

आणि दर रविवारी फोन येऊ लागला.

भाऊंच्या घरात रेंज नाही. माझ्या ओट्यावर येते. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. तेव्हा बाप-लेकाचं सगळं बोलणं मी गिऱ्हाईक करता करता ऐकत होतो, आणि ऐकू नये असं मला कधी वाटलंही नाही.

"खाते का?"

"खाते की. काल सात रातकिडे खाल्ले."

"शेपूट कशीये?"

"जाड झाली बघ. मानेएवढी."

"मग चांगलंय. वाढली का?"

वाढली का म्हटलं की भाऊ खुलायचे. केळीच्या माणसाला वाढ सांगायला फार आवडतं. घड भरतो कसा, फण्या सुटतात कशा, हे ते तासभर सांगू शकतात. त्यांनी एक सुतळी ठेवली होती. दर महिन्याला पालीच्या नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती धरायची आणि जिथे टोक येईल तिथे गाठ मारायची. मग ओट्यावर बसून बोटांनी मापून सांगायचे, चार बोटांची पाच झाली, पाचाची सहा झाली. कात टाकली आणि स्वतःच खाऊन टाकली हेही सांगायचे. तिकडून स्वप्निल हसायचा. तो एकदा हसला त्या दिवशी भाऊंनी माझ्याकडून पावशेर पेढे नेले. पालीसाठी पेढे, असं मी म्हणालो. ते नुसते हसले.

संध्याकाळी केळीच्या बागेत पालापाचोळा उलथून रातकिडे धरायचे हा त्यांचा उद्योग झाला. फवारलेल्या वावरातला किडा आणायचे नाहीत. दुसऱ्या दिवाळीपर्यंत पाल बरोबर एक वीत झाली. मग मात्र सुतळीची गाठ तिथल्या तिथेच पडू लागली.

"वाढली का?"

"हाय तेवढीच हाय."

"हां, ठीके."

फोन आटोपायचा. पालीची वाढ थांबली तसं बोलणंही थांबू लागलं, हे भाऊंच्या लक्षात आलं. पाल पूर्ण वाढली की थांबते, असं त्यांच्या डोक्यात येतच नव्हतं. खाऊ घातलेलं वाढतं, एवढंच त्यांना ठाऊक. ते आणखी खायला घालू लागले.

पौषात थंडी जोराची पडली. दिवसदिवस लाइट नसायची आणि पेटीखालचा बल्ब बंद. पालीने खाणं सोडलं. रातकिडे तिच्या अंगावरून चालायचे तरी ती डोळे मिटून पडलेली. शेपूट बारीक होत चालली. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. स्वप्निल फोनवर एवढंच म्हणाला, "ऊब द्या तिला. ऊब नसली तर पचत नाही, मग खात नाही."

आता उबेची जागा भाऊंना एकच माहीत. शेषराव व्यापाऱ्याची केळी पिकवायची खोली. जुन्या पद्धतीची, दार लिंपून बंद करायचं आणि आत गोवऱ्यांचा धूर कोंडायचा. बाहेर कितीही थंडी असो, आत अंगाला घाम येतो. माल काढताना आधी दार उघडून घटकाभर थांबायचं, माणसाने एकदम आत शिरायचं नाही, हे मला भाऊंनीच कधीतरी सांगितलं होतं. तरी संध्याकाळी ते पेटी घेऊन निघाले. मी ओट्यावरून ओरडलो, "धुरात काहून नेऊन राहिले तिला?"

"अप्पा, फळ काय जितं नसतं? हिरवं जातं, सोन्यासारखं बाहेर येतं. त्याला धकतं तर हिला काहून न्हाई धकणार? ऊब पाहिजे, पोरगं म्हणलं."

मी उठून आडवा झालो नाही. मला वाटलं, पालीचं काय एवढं. सकाळी दार उघडलं तेव्हा केळी छान पिवळी झाली होती आणि पाल पेटीच्या कोपऱ्यात तोंड उघडून मरून पडली होती. भाऊंनी ती बागेत एका केळीच्या बुडाशी पुरली आणि दोन दिवस दाराची कडी काढली नाही.

रविवारी ओट्यावर आले. फोन वाजला.

"खाल्लं का तिने?"

माझा हात तराजूवर तसाच राहिला. भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"खाल्लं. बरी हाय आता."

फोन झाल्यावर मी त्यांना चांगलंच झापलं. "खरं सांगा पोराला. एकदा हेच करून बसले तुमी." ते म्हणाले, "अप्पा, पाल गेली म्हणलं की फोन गेला. मग त्यानं इचारायचं काय मला? माझी तब्येत?"

रिकामी पेटी त्यांनी पुसून ठेवली. सुतळीवर मात्र गाठी पडत राहिल्या. बोलण्यात गफलत नको म्हणून. आधी पाल आहे तेवढीच राहिली. मग एका रविवारी, फोन लवकर आटोपतोय असं वाटलं म्हणून असेल, ते म्हणाले, "जराशी वाढली बरं का." तिकडून स्वप्निलने फोन ठेवला नाही. तेवढ्याने भाऊंना हुरूप आला. पुढच्या रविवारी पाल बोटभर वाढली. चैत्रात त्यांनी सुतळी ताणून धरली आणि फोनमध्ये ओरडले, "दीड वीत भरली रे! तू पाह्यली तर वळखायचा न्हाईस."



"बाबा," स्वप्निल म्हणाला, "ती वीतभरच होते. मोठी झाली की थांबते. कितीही खाऊ घाला."

भाऊंनी सुतळी मुठीत गोळा केली.

"कधी मेली?" त्याने विचारलं.

"पौषात."

"आणि इतके दिवस मी विचारतोय, तर तुम्ही सांगताय, बरी आहे, खाल्लं." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आईच्या वेळीही हेच सांगत होता. बरी आहे, जेवली. मी ते खरं धरून इकडे जेवत होतो, बाबा."

फोन बंद झाला. मला स्वप्निलचा राग आला, आणि तो बरोबर बोलला याचा जास्त आला. भाऊ तिथेच बसून सुतळीच्या गाठी सोडवायला लागले. शेवटच्या दोन ताज्या होत्या, त्या सुटल्या. बाकीच्या सुटेनात.

त्याला आता एक पावसाळा होऊन गेला. दर रविवारी भाऊ अजून येतात. मोबाईल ओट्याच्या कडेला उभा करून ठेवतात आणि शेजारी बसतात. मी चहा देतो, तो गार होतो. मध्येच ते विचारतात, "रेंज हाय का, अप्पा?"

मी मोबाईल उचलून बघतो. चारही काड्या भरलेल्या असतात.

"हाय," मी सांगतो.