नडगीवरचा अंगठा

माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी पायांकडे बघणारी बाई अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच झाली, आणि ती नेमकी माझ्याच माडीवर भाड्याने राहिली. किडनीची डॉक्टर. बाई नमस्काराला वाकल्या म्हणजे तो नमस्कार नसायचा. अंगठा नडगीवर टेकलेला असायचा. दाबून धरायच्या, सोडायच्या, आणि खड्डा राहतो का बघायच्या. राहिला तर अंगात पाणी साचतंय, चला तपासायला. शहाद्याच्या स्टँडवर त्यांनी कंडक्टरची नडगी दाबली, तोवर एसटी उभी. माझ्या नातीच्या लग्नात भर मांडवात व्याह्यांची दाबली. व्याह्यांना वाटलं पाया पडताहेत, त्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला. बाईंनी आशीर्वाद घेतला आणि जाताना त्यांच्या ताटातला खारट पापडही नेला.

मी मात्र त्या अंगठ्याला सापडलो नाही. चार इयत्ता शिकलोय, पण मला सुई लावणारा अजून जन्मायचाय. बाई आल्या की मांडी घालून पाय धोतराखाली. वैशाखात मोजे घातले. कारभारीण म्हणायची, "पाय सुजी ग्यात, चपला जात नहीत. बाईले दखाड ना." मी म्हणायचो, "मन्हा पाय शेतस, मी दखी लिसू." पाय माझे, बघणाराही मीच.

बाईंचं काम नव्या पोरांना संशोधन शिकवायचं. एक नुकता झालेला डॉक्टर, एक तपासणी करणारी मुलगी, आणि तिसरा धडगावकडचा, आकडे जुळवणारा. डोंगरातल्या माणसांच्या किडन्या का बिघडतात ते तिघांनी मिळून शोधायचं. त्या 'मिळून'पायी तिघांना खोलीची किल्ली एक आणि छत्री एक. एकाने छत्री नेली की बाकीचे दोघे भिजायचे, आणि बाई भिजलेल्यांनाच झापायच्या, सोबत का नव्हता म्हणून.

पोरंच ती, छापून येणाऱ्या शोधावर प्रत्येकाला पहिलं नाव आपलं हवं. माझे मोजे तिघांच्याही डोळ्यात भरले आणि एका सकाळी डॉक्टर गुपचूप लघवीची बाटली ठेवून गेला. मागून मुलगी. मागून आकडेवाला. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. मला राग आला. एका माणसाकडे किती वेळा मागायचं? डॉक्टरच्या बाटलीत मी हळदीचं पाणी भरलं. आकडेवाल्याच्या बाटलीत म्हशीचं. मुलीला तेवढं माझं दिलं, ती 'आबा' नीट म्हणते.

तिघांनी कागदी पट्ट्या बुडवल्या आणि एकेकटे बाईंकडे धावले. डॉक्टर म्हणाला, आबा ठणठणीत. आकडेवाला म्हणाला, माणसाचे असले आकडे मी पाहिलेच नाहीत. मुलगी म्हणाली, प्रथिनं गळताहेत, किडनी बिघडतेय. बाईंनी तिन्ही बाटल्या मध्ये ठेवून तिघांना एका बाजेवर बसवलं. "आबा एक, बातम्या तीन. एक होईपर्यंत उतरायचं नाही."

मी खाली ओट्यावर हसून हसून बेजार. वर आधी भांडण झालं, मग एकमेकांच्या बाटल्यांचा वास घेणं. एक हळद निघाली, एक म्हैस निघाली. राहिली एकच. माझं हसू तिथेच थांबलं. ती बाटली कुणाची, ते मला माहीत होतं.

तिघं जिन्याने पहिल्यांदाच बरोबर उतरले. हातात रिकामी बाटली एकच. मुलगी म्हणाली, "आबा, पुन्हा एकदा द्या. तिघांत ही एकच."

मी म्हटलं, "म्हैस गोठामा शे."

कुणी हसलं नाही. तिघं संडासाच्या दाराबाहेर पहाऱ्याला उभे राहिले. माझ्या वयाच्या माणसाला पहारा!

निकाल तोच आला. बाईंनी स्वतःच्या हाताने माझे मोजे काढले आणि अंगठा टेकवला. हरभरा बसेल एवढा खड्डा पडला. त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "वेळेत सापडलात, आबा."

मी म्हटलं, "सापडलो नाही. मी दिलं."

"बरं, दिलंत," म्हणाल्या, पण अंगठा लवकर काढला नाही.

बाई आता दुसऱ्या जिल्ह्यात नवी पोरं घडवतात. हे तिघं अधूनमधून येतात, एकाच मोटारसायकलवर कोंबून, आणि माझं रक्त घेऊन जातात. सुई लागते, काही बिघडत नाही. पापड बंद, मीठ नावाला, चपला पायात जातात. माडीला गिऱ्हाईकं विचारून गेली, मी नाही म्हणालो. संध्याकाळी ओट्यावर बसलो की माझीच नडगी दाबून बघतो. खड्डा राहत नाही. तरी अंगठा जरा वेळ तसाच ठेवतो.