कडुलिंबाखालची सायकल

कुपवाडला लेथवर होतो तेव्हाची गोष्ट. एका उन्हाळ्यात माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: माझी सायकल कोण वापरतंय? सकाळी मी ती कारखान्याच्या भिंतीला टेकवून आत जायचो आणि संध्याकाळी ती पलीकडे कडुलिंबाखाली सापडायची. म्हणजे दिवसाढवळ्या कुणीतरी फुकट हिंडत होतं.

माझा संशय नव्या माणसावर होता. जतकडचा, मेंढरं विकून कामाला लागलेला. दुपारच्या सुट्टीत सगळे भाकरी सोडायला बसले की हा आधी बाहेर जाऊन यायचा. मला तेवढा पुरावा बास होता.

"त्यास्नी सरळ इचारा की," बायको म्हणाली.

चोराला काय विचारायचं? मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. साखळी आणि कुलूप आणलं आणि सायकल भिंतीजवळच्या खांबाला जखडून ठेवली.

त्याच दुपारी बाहेर धाडकन आवाज झाला. धावत गेलो, तर मागची ट्यूब फुटलेली आणि हा शेजारी उभा.

"काय केलंस रं?" मी ओरडलो.

"म्या काय करणार? रोज ऊन आलं की सावलीला न्हेऊन लावत हुतो. आज तुमी कुलूप घातलं." मग साखळीकडं बघत म्हणाला, "उन्हात बांधून घातलेलं बघवत न्हाई मला."

संध्याकाळी सायकल ढकलत घरी गेलो. चोर सापडला का, असं बायकोनं दारातच विचारलं.

"ट्यूब जुनी हुती," मी म्हणालो.