सलग एक तास

ताई तशी कधी कुठे गेलीच नाही. अकरा वर्षं मालवाहतुकीच्या ऑफिसात बसून तिनं ट्रकांचे रस्ते ठरवले, कुठल्या ड्रायव्हरनं कुठला घाट टाळायचा ते फोनवर सांगितलं, आणि स्वतः मात्र ऑफिस ते घर एवढीच चालली. मग आई न्हाणीत पडली, खुबा मोडला आणि ते चालणंही संपलं. परगावी असलेला धाकटा भाऊ एकदा येऊन गेला. डोळे पुसले, आणि जाताना त्याच्या ऑफिसानं भंगारात काढलेला कॉम्प्युटर ठेवून गेला. "तेवढाच तुला विरंगुळा," म्हणाला. बहिणीची सगळी सोय लावून दिल्यासारखा चेहरा होता त्याचा.

त्या डब्यावर ताईला ट्रक चालवायचा खेळ सापडला, आणि तिथेच एक ताफा. बारा जण, बारा गावचे, दर रविवारी दुपारी चार वाजता एकामागोमाग ट्रक काढायचे. ताईला त्यात जायचं होतं. इतकं मनापासून तिनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. ताफ्याची अट एकच: सलग एक तास गाडी चालवल्याचं रेकॉर्डिंग पाठवा, वळणं स्वतःच्या आवाजात सांगा, आणि मध्ये थांबायचं नाही. मधला एक थांबला की मागचे सगळे अडकतात.

डबा तासभर कुठला टिकायला! नुसता खेळ कसाबसा चालायचा, पण रेकॉर्डिंग सुरू केलं की ट्रक आचके द्यायचा आणि समोरचा पूल पाण्यात विरघळल्यासारखा दिसायचा. ताईनं भावाला फोन केला. "येतो पुढच्या महिन्यात," तो म्हणाला, आणि पार्सल आलं. रॅमची दुसरी पट्टी. पुढच्या खेपेला जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. दर वेळी भाऊ 'येतो' म्हणायचा आणि दर वेळी पार्सल यायचं. त्याला सुटे भाग पाठवणं परवडत होतं, सुट्टी परवडत नव्हती.

शेवटी ग्राफिक्स कार्ड. डबा अंगानं बारीक, पॉवर सप्लायची ताकद बेताची, म्हणून कमी उंचीचं आणि कमी वीज खाणारं कार्ड शोधावं लागलं. ताईनं ते भाजीच्या टोपलीशेजारी बसून स्वतः बसवलं. फरक शून्य. दोन दिवस तिनं कार्डाला, दुकानदाराला आणि भावाला मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की स्क्रीनची वायर अजून जुन्याच भोकात आहे, नवं कार्ड आपलं मागे नुसतं बसून आहे. तिला स्वतःचंच हसू आलं. "अगदी माझ्यासारखंच की," ती कार्डाला म्हणाली आणि वायर बदलली.

मग काय विचारता! रस्ता लोण्यासारखा. रेकॉर्डिंगला एक हिसका नाही.

तरी तास काही होईना. पलीकडच्या खोलीतून आई वाटीवर चमचा वाजवायची: पाणी, कूस, पंखा, पुन्हा पाणी. ताई ट्रक कडेला घ्यायची, दिवे लुकलुकते ठेवायची आणि धावायची. आठव्या मिनिटाला, तेविसाव्या, चाळिसाव्या. आता मशीनवर खापर फोडायचीही सोय उरली नव्हती. भावानं मग कान पूर्ण झाकणारे हेडफोन पाठवले.

ते घालून ताईनं एका दुपारी पूर्ण तास गाडी हाकली. "डावीकडे वळतेय. पूल आला, वेग कमी करतेय." घाट उतरली, बंदर गाठलं. आनंदानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेडफोन काढून ती आईकडे गेली. आईची चादर ओली होती.

"हाक नाही मारलीस?"

"डोळा लागला होता गं. झोपेत कळलंच नाही."

ताईनं चादर बदलली, आईला पावडर लावली, आणि आई एवढं निवांत झोपली या विचारानं तिला फार हलकं वाटलं.

पाठवण्याआधी आवाज नीट आलाय का, ते बघायला तिनं नुसत्या माइकचं रेकॉर्डिंग लावलं. तिचाच आवाज, डावीकडे, उजवीकडे. एकविसाव्या मिनिटाला मागून चमचा. थांबून पुन्हा चमचा. मग, "अगं, ऐकतेस का?" मग बराच वेळ ताईच्याच सूचना. आणि मग आईचा आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा: "राहू दे. आज चाललीय तिची गाडी." वाटी बाजूला सरकवल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर शेवटपर्यंत चमचा एकदाही वाजला नाही.

ताईनं तेवढे आईचे आवाज पुसून रेकॉर्डिंग पाठवलं. पाठवताना तिला स्वतःची शरम वाटली, आणि न पाठवण्याची छाती झाली नाही. दुसऱ्याच दिवशी ताफ्यात नाव लागलं.

पहिला रविवार. चार वाजले, बारा ट्रक निघाले, तेरावी ताई. चमचा वाजला नाही. दहा मिनिटं गेली, वाजला नाही. तिनं एक कान उघडा ठेवला, मग दोन्ही. पलीकडे एवढी शांतता तिनं त्या घरात कधी ऐकली नव्हती. विसाव्या मिनिटाला तिनं ट्रक कडेला घेतला. हेडफोनमधून "ताई, काय झालं? चला ना!" असे आवाज येत राहिले.

ती आईच्या दारात जाऊन उभी राहिली. आईनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि चमचा मुठीत आवळून धरला होता.

"आई, काही हवंय का?"

आई घोरायला लागली.